चिबडातला कोळसा

मुंजाजीच्या रानात ओढ्याच्या कडेला वीस गुंठ्यांची एक पट्टी होती. तिला घरात सगळे चिबड म्हणायचे. एके काळी ते खरंच चिबड होतं. पाऊस पडला की पाणी धरून बसायचं, ज्वारी पिवळी पाडायचं, बैलांचे पाय गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायचं. मुंजाजीच्या बापाने त्या तुकड्याला जन्मभर शिव्या घातल्या आणि तसाच गेला. आता मात्र उमरगव्हाणच्या सगळ्या शिवारात तेवढी पिकणारी जमीन दुसरी नव्हती. मार्गशीर्षात बाकीच्या रानातली कापसाची पऱ्हाटी लाल पडून वाळायला लागली तरी चिबडातली हिरवीगार उभी असायची आणि तिसऱ्या वेचणीलाही बोंडं द्यायची. लोक विचारायचे, "मुंज्या, काय घालतूस रं तिथं?" मुंजाजी म्हणायचा, "शेण." दुसरा कुणी असता तर असल्या पिकाच्या बढाया मारून त्याने पारावर कुणाला बसू दिलं नसतं. मुंजाजी चिबडाचं नाव निघालं की तंबाखू मळायला घ्यायचा.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात ती पट्टी एका माणसाने पेडगावच्या एसटीच्या खिडकीतून पाहिली आणि तेव्हापासून मुंजाजीची झोप गेली.

त्या माणसाचं नाव रामलिंग. परभणीला तो मातीवर संशोधन करायचा. तिशी ओलांडलेला, कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंग, खांद्याला पिशवी आणि पिशवीत खुरपं, चाळणी, कापडी थैल्या. पुढच्या थांब्यावर उतरून तो बांधाबांधाने चालत आला आणि रामराम करून म्हणाला, "एवढ्या एका पट्टीतच पीक असं का, ते मला बघायचंय. थोडी माती नेऊ का?"

बांधावर आलेल्या माणसाला कुणी माती नको म्हणतं का? मुंजाजीची बायको रुख्मिणी हिने तर चहाही टाकला. रामलिंगने पट्टीत नागमोडी फिरत दहा-बारा ठिकाणी खड्डे घेतले, प्रत्येकाच्या कडेचा पातळ काप काढला आणि सगळी माती गोणपाटावर कालवली. मग तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा कालवले. मुंजाजी उकिडवा बसून बघत होता. हे सगळं करताना रामलिंगचं तोंड बंद नव्हतं.

"आपली माती काळी, म्हणून लोकांना वाटतं कसदार. काळ्या रंगाचा आणि कसाचा संबंध नाही, मुंजाजीराव. मातीचा जीव असतो कर्बात, आणि आपल्याकडं तो अर्धा टक्का निघाला तरी मी पेढे वाटीन."

"सायेब," मुंजाजीने हळूच विचारलं, "मातीत आधी काय काय टाकलं, ते समदं कळतं का तुमच्या मशिनीत?"

"बऱ्यापैकी कळतं."

हा प्रश्न मुंजाजीने विचारायला नको होता, पण तोंडातून गेलेला शब्द कुणाला परत घेता आलाय?

पट्टीत धुरपताबाई कापूस वेचत होती. पलीकडच्या रानात इतर सात बाया होत्या, पण चिबडाची ओळ दर वर्षी तीच धरायची. साठी उलटलेली बाई, अनवाणी. तिच्या चपला बांधावर शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या आणि रामलिंग त्यांना अडखळता अडखळता राहिला.

"या कुणाच्या? पऱ्हाटीचे खुंट टोचत नाहीत का त्यांना?"

"चपला झिजतील म्हनून काढती म्हातारी," मुंजाजी हसून म्हणाला. "लय चिकट हाय."

रामलिंगने चाळणी हलवली. माती खाली गेली आणि वर काळे खडे राहिले. एक खडा त्याने बोटात धरून दाबला. तो फुटला आणि बोट काळं झालं. रामलिंगचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, हा तर कोळसा आहे. नुसता भरलाय इथं. म्हणून पाणी निचरतं, म्हणून मुळं खोल जातात. इथं कोळशाची भट्टी होती का कधी?"

खोटं बोलायला मुंजाजीला कष्टच पडले नाहीत. समोरच्यानेच ते तयार करून हातात दिलं.

"व्हती," तो म्हणाला. "आज्याच्या टायमाला. बाभळी तोडून लावायचे."

"तरीच. शेणखत घाला, दोन-तीन वर्षांत कुजून जातं. कोळसा कुजत नाही. ब्राझीलच्या जंगलात हजार-दीड हजार वर्षांपूर्वी लोकांनी टाकलेला कोळसा अजून मातीत तसाच्या तसा आहे, आणि तिथली जमीन अजून पिकते."

"म्हंजी हे किती दिस ऱ्हातं?"

"तुमचे नातू जातील, पणतू जातील. हे राहील." रामलिंगने हे अगदी आनंदाने सांगितलं. "काळजीच करू नका."

रामलिंग गेला तरी मुंजाजी तिथेच बांधावर बसून राहिला. पंधरा वर्षं तो एकाच गोष्टीवर जगला होता: माती सगळं खाऊन टाकते.

आता खरी हकीकत सांगायला हवी. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईत विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि इकडे मराठवाडा पेटला. उमरगव्हाणात बौद्धवाड्याची बावीस घरं एका संध्याकाळी जळाली. माणसं आधीच ओढ्यातून परभणीच्या वाटेला लागली होती, म्हणून जिवानिशी वाचली. मुंजाजी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्याने काडी लावली नाही. हे तो स्वतःला रोज सांगायचा आणि ते खरंही होतं. तो लांब उभा राहून बघत होता, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी गावचे मोठे, तात्याराव, दारात आले आणि म्हणाले, "मुंज्या, गाडी जुप. परवा पंचनाम्याला सायेब येनार. तिथं जळकं लाकूड दिसता कामा न्हाई."

त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती. मुंजाजीने दोन दिवस गाडी हाकली. जळकी आढी, वासे, कुडं, राख, भिंतींची भाजलेली माती, सगळं भरभरून आणलं. टाकायचं कुठे, तर जिथे काही पिकतच नाही तिथे. चिबडात. गावठाणाची पांढरी माती शेतात ओढून टाकायची रीत आपल्याकडे जुनीच. कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, पोरगा खत टाकतोय. साहेब आला तेव्हा बौद्धवाड्याच्या जागी सपाट चिखल होता. कागदावर आलं, अतिवृष्टीने घरं पडली. प्रकरण तिथेच मिटलं. पुढे काही माणसं परत आली आणि सरकारने दिलेल्या जागेवर सडकेपलीकडे पत्र्याची घरं करून राहिली. धुरपताबाई त्यांतलीच. तिचा नवरा परभणीतच वारला होता.

आणि आता म्हणे ते कुजतच नाही.

बातमीला पाय फुटतात. तिसऱ्या दिवशी दत्तराव रानात आला. तात्यारावांचा मुलगा, आता सरपंच. तात्याराव जाऊन सहा वर्षं झाली होती, पण बोलण्यातली जरब त्यांनी पोराला ठेवून दिली होती.

"मुंजाजी, ते मातीवालं कशाला आलतं?"

"माती न्यायला, दत्तराव. पिकाचं काय तरी..."

"काय सापडलं त्याला?"

"कोळसं."

दत्तरावने चिबडाकडे पाहिलं.

"नामांतराचं पुन्हा निघायलंय," तो म्हणाला. "मुंबईला बैठका चाललेत. उद्या कुनी जुनी परकरनं उकरली तर माजा बाप मेलेला हाय. काडी लावनारे निम्मे मेले, निम्मे पुन्याला गेले. गाडी तुजी व्हती. रान तुजं हाय. ध्यानात आलं का?"

मुंजाजीच्या ध्यानात आलं. इतकं आलं की त्याने त्या दिवसापासून जेवण निम्मं केलं. कुत्रं भुंकलं तरी त्याला दारात पोलीस आल्यासारखं वाटायचं. रुख्मिणीने विचारलं, "दुखतंय का कायी?" तर तिच्यावर ओरडला. एकदा पारावर कुणीतरी सहज म्हणालं, "तुजं रान पेपरात येनार म्हनं," आणि मुंजाजी चालता चालता ठेचकाळला. त्याला एकच दिसत होतं. परभणीत कुठल्या तरी टेबलावर एक बाटली आहे, आणि त्या बाटलीत एकेक घर, एकेक माणूस वर यायलाय.

चार दिवसांनी त्याने ठरवलं. भर दुपारी, बाया जेवायला लिंबाखाली बसल्या असताना, तो गाडी जुंपून चिबडाच्या कडेला घेऊन गेला. वरची हातभर माती खरवडायची, गाडीत भरायची आणि ओढ्याच्या डोहात लोटायची. विचारलंच कुणी तर गाळ काढतोय म्हणायचं. पऱ्हाटीच्या मोकळ्या कोपऱ्यात त्याने कुदळ मारली. हातभर खाली कोळसा होता. त्याने आणखी खणलं. दोन हातांवरही होता. तो खड्ड्यात उतरला, कमरेइतका खोल गेला, घामाने सदरा अंगाला चिकटला, आणि तिथेही काळे खडे त्याच्याकडे बघत होते.

एवढं खाली कसं गेलं हे? मग त्याला उमगलं. चैत्र-वैशाखात ही जमीन उलते. लेकराचा पाय जाईल एवढाल्या भेगा पडतात, आणि वरची माती त्या भेगांत घसरते. पाऊस आला की भेगा मिटतात. पंधरा उन्हाळे जमीन असं तोंड उघडून एकेक घास गिळत होती आणि काहीही पचवत नव्हती. जन्मापासून बघितलेल्या भेगा, पण हे कधी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कुठवर खननार?"

तो दचकला. वर रुख्मिणी उभी होती, भाकरीचं फडकं हातात घेऊन.

"गाळ काढायलाव," तो म्हणाला.

"मला नगा सांगू." ती खड्ड्याच्या काठावर बसली. "त्या टायमाला तुमी आनलेल्यातलं एक लाकूड मी चुलीत घातलं व्हतं. वाळलेलं व्हतं म्हनून. त्याच्यावरची भाकर मला गिळली न्हाई. तवापासून मी हितलं सरपन नेत न्हाई. तुमच्या ध्यानातबी आलं नसंल."

खरंच आलं नव्हतं. बायको पंधरा वर्षं सगळं जाणून होती आणि त्याला वाटत होतं, घरात तरी आपण सुरक्षित आहोत.

"मग काय करू?" त्याने विचारलं. अगदी लहान आवाजात विचारलं.

"मला काय ठावं? पन फेकून कुठं फेकनार? ह्याच्यावर पिकलेलं पंधरा वर्सं खाल्लं आपन."

त्याने खड्डा बुजवला, रिकामी गाडी घरी आणली.

रामलिंग पुन्हा आला तेव्हा संक्रांत दोन दिवसांवर होती. एसट्यांचा भरवसा नव्हता म्हणून तो लुनावर आला. शाळेपाशी सकाळपासून पोलिसांची गाडी उभी होती. नामांतराचा निर्णय आज होतो की उद्या, एवढंच गाव बोलत होतं, आणि तेही हळू आवाजात. सडकेपलीकडच्या पत्र्याच्या घरांतून बायका कामाला आल्या नव्हत्या. एकटी धुरपताबाई आली होती. चिबडाची शेवटची वेचणी राहिली होती, ती म्हणाली.

"मुंजाजीराव, कमाल झाली," रामलिंगने पिशवी उघडत सांगितलं. "कर्ब तपासायला आम्ही मातीत एक नारिंगी औषध घालतो. कर्ब असेल तसतसं ते हिरवं होतं. तुमच्या मातीत ओतलं आणि बघता बघता सगळं हिरवं. औषधच पुरलं नाही. माती निम्मी घेऊन पुन्हा करावं लागलं."

मुंजाजीने मान हलवली.

"पण एक कोडं आहे." रामलिंगने कागदाच्या पुडीतून अंगठ्याएवढा तुकडा काढला. "लाकूड जळून कोळसा झाला तरी त्याची घडण मोडत नाही. भिंगाखाली मी हा तुकडा बघितला. हे बाभळीचं नाही, लिंबाचं आहे. आणि हे बघा, चौकोनी भोक. खिळ्याचं. भट्टीत कुणी खिळे मारलेलं लाकूड घालतं का?"

त्याच्या बोलण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मुंजाजीला संशय परवडला असता. संशयावर ओरडता तरी येतं.

"आज्याच्या टायमाचं... मला काय ठावं, सायेब."

"मला अहवालात लिहावं लागतं ना. हा रकाना बघा: पूर्वी टाकलेली खते व ती कोठून आणली." रामलिंगने इकडेतिकडे पाहिलं आणि मुंजाजी अडवायच्या आत हाक मारली, "आजी, जरा इकडं येता का?"

धुरपताबाई ओटीतला कापूस गोणीत टाकून बांधावर आली. चपला घातल्या. मग उभी राहिली.

"तुम्ही किती वर्षं येता या रानात?"

"चवदा-पंधरा झाले असतील."

"हा कोळसा इथं कुठून आला, सांगता येईल?"

तिने तुकडा हातात घेतला. पदराने पुसला, फिरवला, खिळ्याच्या भोकात नखाचं टोक घालून पाहिलं. ती काय बोलणार हे मुंजाजीला ठाऊक होतं. पंधरा वर्षं तो याच क्षणाला भीत आला होता आणि या बाईला दर वर्षी स्वतःच्या तोंडाने कामाला बोलावत होता.

"मालक काय म्हनले?" तिने विचारलं.

"भट्टी होती म्हणतात. आजोबांच्या वेळची."

तिने मुंजाजीकडे पाहिलं. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, वेचलेल्या कापसात किडकी कवडी आहे का बघावं तशी.

"ह्ये कुजत न्हाई म्हनं? त्या दिशी तुमी म्हनत व्हता, मी ऐकलं."

"नाही कुजत."

"नांगरानं?"

"बारीक होईल. जाणार नाही."

"किती वर्सं?"

"शेकडो. आपण कुणी नसू तेव्हाही असेल."

धुरपताबाईने तुकडा पदराच्या टोकाला बांधला.

"मग आज भट्टीच लिवा," ती म्हणाली. "साळंपाशी पोलिसाची गाडी हाय. माज्या घरात तीन नातवंडं हायेत, आन घराला दार एकच हाय. आज मला दुसरं कायी लिवून घ्यायचं न्हाई. कुजत न्हाई म्हनलात न्हवं? मग मला घाई न्हाई."

रामलिंग कच्चा नव्हता. त्याचं पेन थांबलं. त्याने आधी तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं, मग चिबडाकडे, मग सडकेपलीकडच्या पत्र्यांकडे. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. शेवटी त्याने कागद मुंजाजीपुढे धरला. रकाना कोराच होता.

"मी माझ्या मनाने काही लिहीत नाही, मुंजाजीराव. तुम्ही सांगाल ते लिहितो."

इथे मुंजाजीला बोलता आलं असतं. समोर दोनच माणसं होती, आणि त्यांतल्या एकीला सगळं आधीच ठाऊक होतं. त्याने गावाकडे पाहिलं. पोलिसांच्या गाडीचा टप उन्हात चमकत होता. त्याच्यामागे दत्तरावच्या माडीवर कुणीतरी उभं होतं आणि रानाकडेच बघत होतं, किंवा मुंजाजीला तसं वाटलं. त्याला लाज वाटली, फार वाटली. पण भीती तिच्याहून मोठी होती.

"भट्टी," तो म्हणाला.

रामलिंगने तसं लिहिलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. मुंजाजीने सही केली. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाची सही, तीही आज वाकडी आली. रामलिंगने कागद पिशवीत घातला आणि लुना ढकलत सडकेला नेली.

धुरपताबाई कामाला परत निघाली. चिबडाच्या कडेला ती थांबली, एका हाताने लुगडं सावरून तिने चपला काढल्या आणि दारात ठेवतात तशा बांधावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या. मग आत गेली.

मुंजाजी त्या चपलांकडे बघत राहिला. तळव्यांना ठिगळं होती आणि टाचा झिजून कागदाएवढ्या पातळ झाल्या होत्या. चपला जपणाऱ्या बाईच्या चपला इतक्या झिजलेल्या नसतात. हे त्याला पंधरा वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं.

घरी जायची त्याची रोजची वाट चिबडातूनच होती. त्याने पाय उचलला आणि तो तसाच मागे घेतला. वहाणा काढून जायचा त्याला धीर होईना, आणि घालून जाववेना. तो ओढ्याच्या कडेने लांबचा वळसा घालून घरी गेला, आणि पुढे मरेपर्यंत त्याच वाटेने जात राहिला.